‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ मधल्या ‘व’ बद्दल : पाठ्यपुस्तक समितीला खुले पत्र

इतिहास-भूगोलाची शालेय पुस्तके तयार करणाऱ्या समितीतील सर्व सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी आर्वीचा, वर्धा जिल्ह्यातला. ३१ वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला आणि इतिहासाचे मास्तर रजेवर असले की इतिहासही. आता घरीच असतो. हे पत्र लिहायला कारण झाली माझी नात. ती आठवीत आहे. ‘घरातील जुनी वस्तू’ असा काहीतरी प्रकल्प तिला शाळेत दिला होता, म्हणून मी लोखंडी पेटी उघडली. तीत माझ्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला, १९३९ सालचा. घड्यांवर कागद विरला आहे, एका कोपऱ्याला मीच कधीकाळी डिंकाने पातळ कागद चिकटवला होता. वर छापील ओळ : मध्यप्रांत व वऱ्हाड. इंग्रजी अमलातला आमचा प्रांत.

नातीने ती मोठ्याने वाचली आणि विचारले, “आबा, राज्याच्या नावात ‘व’ कशाला?”

मी म्हटले, असतो कधीकधी. त्यावर लगेच, “जम्मू आणि काश्मीर सोडून सांगा.”

मला पाच मिनिटांत उत्तर देता आले नाही. तिच्या पुस्तकात शोधले, धाकट्याच्या पुस्तकात शोधले. माझ्या हाती आलेल्या पुस्तकांत या प्रांताचे नाव मला दिसले नाही. तिचे पणजोबा जिथे जन्मले, शिकले आणि ज्याच्या शिक्क्याचा कागद घेऊन पहिल्या नोकरीला लागले, त्या प्रांताचे निदान नाव तरी तिच्या पुस्तकात असावे, एवढीच माझी मूळ तक्रार. पुढचा मजकूर मात्र त्या ‘व’ विषयी आहे. त्या एका अक्षरात आमच्या भागाचा निम्मा इतिहास आहे, आणि तो मुलांना चांगला समजतो, हे मी वर्गात करून पाहिले आहे.

डलहौसीने खालसा केलेली संस्थाने आमची मुले घडाघडा म्हणतात. सातारा, झाशी, नागपूर. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारस न ठेवता वारले, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, राजवाड्यातले जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात काढले. हे सगळे ठीक. पण याच डलहौसीने त्याच्या आदल्याच वर्षी, मे १८५३ मध्ये, वर्धा नदीच्या पलीकडचे वऱ्हाड ताब्यात घेतले होते. ते पाठांतरात नाही. का नाही? कारण वऱ्हाड खालसा झालेच नाही. ते तारण म्हणून घेतले. हैदराबादच्या निजामाच्या गळ्यात इंग्रजांनी एक फौज बांधली होती, हैदराबाद कंटिंजंट. फौजेवर हुकूम इंग्रजांचा, पगार निजामाचा. पगार थकला, थकबाकी कर्ज म्हणून चढली आणि कर्जापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्गाकडचा मुलूख असा सगळा वसुलीसाठी लावून घेतला. १८६० मध्ये रायचूर आणि धाराशिव परत दिले, राहिलेले कर्जही सोडले. वऱ्हाड ठेवले.

का ठेवले, ते आमच्याकडच्या कोणत्याही कास्तकाराला विचारा. तो वावरातले ढेकूळ उचलून दाखवेल. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण इंग्रजांना कुणी ऐकवली असेल-नसेल, पण काळ्या मातीत कापसाची पऱ्हाटी कशी येते हे मँचेस्टरला नीट ठाऊक होते. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे वऱ्हाडातून थेट नागपूरला पोचली. जलंब-खामगाव हा जेमतेम आठ मैलांचा तुकडा, पण १८७० मध्ये त्या शाखेच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय! खामगावचा कापूस बाजार काय होता, ते यावरून समजावे.

म्हणजे एकाच गव्हर्नर जनरलने वर्षभराच्या आत नदीच्या दोन काठांवरचे दोन मुलूख घेतले. अलीकडचा वारस नाही म्हणून, पलीकडचा उधारी थकली म्हणून. अलीकडचा इंग्रजांच्या मालकीचा झाला. पलीकडच्याची मालकी कागदोपत्री निजामाचीच राहिली, त्याचे सरकारी नावच ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’, आणि जवळजवळ ५० वर्षे त्याचा कारभार हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट पाहत होता. अमरावतीच्या फायली हैदराबादला आणि वर्ध्याच्या नागपूरला. निजामाचा दिवाण सालारजंग याने वऱ्हाड परत मिळावे म्हणून आयुष्यभर खटपट केली, १८७६ मध्ये विलायतेलाही जाऊन आला. मिळाले नाही.

१९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने हा व्यवहार कायमचा मिटवला. निजाम महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, वर्षाला २५ लाख रुपये भाडे ठरले. १ ऑक्टोबर १९०३ पासून ते मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरकडे कारभारासाठी दिले. मालक एक, भाडेकरू दुसरा. घर एकत्र चालवायचे पण उताऱ्यावर नावे वेगळी. तो ‘व’ इथून आला. मध्यप्रांत इंग्रजांचा स्वतःचा आणि वऱ्हाड भाड्याचे, म्हणून दोन्ही नावे एकजीव करता येईनात.

हे मी नातीला असेच सांगितले, भाड्याच्या घराच्या भाषेत, आणि तिला लगेच कळले. मग तिने विचारले ते मला आवडले : “मग भाडं कोणी भरलं? आपणच ना?” हो. वसूल वऱ्हाडच्या कास्तकाराकडून, मान निजामाला, कापूस मँचेस्टरला.

या कायदेशीर गाठीचे परिणाम मजेदारही होते. नव्या सुधारणांनंतर नागपूरच्या कायदेमंडळात वऱ्हाडचे सभासद आधी लोकांनी निवडून द्यायचे आणि मग सरकारने त्यांची नेमणूक करायची, कारण वऱ्हाड ब्रिटिश मुलूखच नव्हता. १९३६ मध्ये नवा करार झाला, प्रांताचे नाव अधिकृतपणे ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ झाले आणि निजामाचा थोरला मुलगा आझम जाह याला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली (बेरार म्हणजे आपले वऱ्हाड). त्याची बेगम दुर्रुशेवर ही शेवटच्या उस्मानी खलिफाची मुलगी. लग्न १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात झालेले. ती झाली ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’. खलिफाची लेक, निजामाची सून आणि नावापुढे आमचे अकोला-अमरावती-बुलढाणा-यवतमाळ! आठवीच्या वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरचीही मान वर करतात, खात्रीने सांगतो.

आता नदीबद्दल. भूगोलाचा मास्तर आहे, नदीवर थोडा रेंगाळणारच.

वर्धा नदी ही सीमा कुणी ठरवली? १८०३ पर्यंत वऱ्हाडात दोअमली होती, भोसल्यांचाही वसूल आणि निजामाचाही. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीने गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. त्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि इंग्रजांनी तो निजामाला दिला. १८२२ च्या तहाने नदी हीच सीमा म्हणून पक्की झाली. डिसेंबर १८०३ मधलाच शिंद्यांचा सुर्जी-अंजनगावचा तह मुले पाठ करतात, पण हे अंजनगाव अमरावती जिल्ह्यात आहे हे मी विचारल्यावर निम्मा वर्ग थक्क होतो. काहींना ते ग्वाल्हेरकडे वाटते. दोष त्यांचा नाही. तहाचे नाव आणि नकाशा यांची आपण कधी गाठ घालून दिली नाही.

माझी आई तिवसा तालुक्यातली, कौंडण्यपूरच्या बाजूची. लग्न होऊन नदी ओलांडून आर्वीकडे आली. माझी आजी तिला रागात असली की ‘वऱ्हाडातली’ म्हणायची आणि खुशीत असली की ‘आमची वऱ्हाडीण’. नदीत उन्हाळ्यात गुडघाभर पाणी नसते, बैलगाडी आरपार जाते. तरी आईच्या माहेरी गावचा कारभार पाटलाचा आणि सारा ज्याचा त्याने भरायचा, तर आमच्या गावात मालगुजार. आजीचा शब्द ‘मालगुजार’, आईचा शब्द ‘पाटील’, आणि दोघींच्या भांडणात मला लहानपणीच दोन जमीनपद्धती शिकायला मिळाल्या.

हा फरक पुस्तकात यायला हवा, कारण तो अजून जमिनीवर दिसतो. वऱ्हाडात इंग्रजांनी मुंबई इलाख्यासारखी रयतवारी केली. एकेक सर्व्हे नंबर, एकेक खातेदार. नागपूरच्या बाजूला १८६० च्या दशकात चीफ कमिशनर रिचर्ड टेंपलच्या कारकिर्दीत, जे पाटील भोसल्यांच्या काळी ठरावीक मुदतीने वसूल करत होते त्यांनाच गावाची मालकी दिली. ते झाले मालगुजार. कुळे त्यांची, पडीत त्यांचे, तलावही त्यांचे. पूर्वेला भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे, जिथे धान पिकते आणि तलावाशिवाय पिकत नाही, तिथे हजारो तलाव मालगुजारांच्या नावे लागले. त्यातले कितीतरी गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि कागदावर नाव पडले ‘माजी मालगुजारी तलाव’. त्याचा झाला ‘मामा तलाव’. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याने मला साकोलीला विचारले होते, हा कुणाच्या मामाचा तलाव? त्याला हसलो खरा, पण सांगताना लक्षात आले की भंडाऱ्याच्या पोरांनाही हे कुणी सांगितलेले नसते. वऱ्हाडात मात्र मामा तलाव सापडणार नाही. तिथे मालगुजारच नव्हता. पाण्यावरची नावेसुद्धा नदी ओलांडली की बदलतात.

पुलगावचा रेल्वे पूल तुमच्यापैकी कुणीतरी ओलांडला असेल. मुंबईहून नागपूरला येताना धामणगाव गेले की गाडी वर्धा नदीवर चढते आणि पुलगावला उतरते. आता कुणी खिडकीतून पाहतही नाही. १९०३ पूर्वी तेवढ्या पुलावर माणूस निजामाच्या तारण मुलखातून इंग्रजांच्या मध्यप्रांतात येत असे. त्याच पुलगावहून आमच्या आर्वीला छोट्या रुळांची गाडी होती. ती ज्या कंपनीची, त्याच कंपनीची यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर गाडी, म्हणजे शकुंतला. शकुंतला सगळी वऱ्हाडातून धावणारी, पण कंपनीचे नाव ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे’. कागदावर ‘व’ जपायचा आणि पाटीवर विसरायचा, अशी ही गंमत. शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये बंद झाले. वर्गात मी तिचे नाव घेतले की कुणाचा तरी आजोबा तिच्यातून शाळेत गेलेला असायचाच.

मध्यप्रांताचेही सांगायला हवे, नाहीतर वऱ्हाडचाच पक्ष घेतला असे वाटेल. २ नोव्हेंबर १८६१ ला नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदा प्रदेश जोडून ‘मध्यप्रांत’ केला. राजधानी नागपूर, उन्हाळ्यात साहेब पचमढीला. संबळपूर आधी जोडले, १९०५ मध्ये बंगालला दिले. १९०६ मध्ये दुर्ग जिल्हा झाला आणि मध्यप्रांताचे १८ आणि वऱ्हाडचे ४ असे २२ जिल्हे झाले. त्यात नर्मदेकाठचा गहू, छत्तीसगडचा धान, वर्धा-नागपूरची ज्वारी-कापूस, चांद्याचा (आजच्या चंद्रपूरचा) कोळसा आणि साग. भाषा मराठी, हिंदी, छत्तीसगढी, गोंडी, कोरकू. यात नैसर्गिक असे एकच होते, मधोमध आडवा पसरलेला सातपुडा. बाकी प्रांत म्हणजे निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या सबबींनी हाती आलेले तुकडे एका दोऱ्यात ओवलेले. दोऱ्याला गाठ नागपूरला.

भूगोलाने मात्र आपले काम कुणाला न विचारता चालू ठेवले. अमरावती जिल्हाच घ्या. पश्चिमेकडचे पाणी पूर्णेत, तिथून तापीत, तिथून अरबी समुद्रात. पूर्वेकडचे पाणी वर्धेत, प्राणहितेत, गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात. एकाच जिल्ह्यातला पाऊस दोन समुद्रांना जातो. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. हे अकोल्याच्या मुलाला जन्मतः माहीत असते. त्याला फक्त सांगायचे असते की हीच पूर्णेची काळी माती इंग्रजांना हवी होती.

आणि हिंगणघाट. विल्यम लॅम्ब्टन, दक्षिणेतून भारताचा कणा मोजत वर आलेला, मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पहिला प्रमुख, २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारला. पुढे ते काम एव्हरेस्टने नेले, ज्याचे नाव शिखराला आहे. एव्हरेस्ट सगळ्यांना माहीत, लॅम्ब्टन कुणालाही नाही, आणि तो आमच्या जिल्ह्यात पुरलेला आहे. हिंगणघाटच्या मुलांना ‘अक्षांश-रेखांश’ हा धडा शिकवताना ज्या मास्तराने लॅम्ब्टनचे नाव घेतले नाही, त्याला मी दोष देत नाही. मीही पहिली १२ वर्षे घेतले नव्हते. मला माहीतच नव्हते.

एक गैरसमज तुमच्या पुस्तकांनी मोडावा अशी मनापासून विनंती. मुंबई-पुण्याकडे ‘वऱ्हाड’ आणि ‘विदर्भ’ हे एकच समजतात. गोंदियाच्या माणसाला ‘तुम्ही वऱ्हाडी का?’ असे विचारतात. तो बिचारा ‘हो’ म्हणतो, किती समजावणार? वऱ्हाड म्हणजे वर्धा नदीच्या पश्चिमेचे. वर्ध्यापासून पुढे नागपूर प्रांत, त्याहून पुढे झाडीपट्टी. बोली वेगळी, पीक वेगळे, लग्नातले जेवणसुद्धा वेगळे. १९२० मध्ये काँग्रेसने भाषेवार प्रांत पाडले तेव्हाही वऱ्हाड आणि नागपूर असे दोन वेगळे मराठी प्रांत केले होते आणि हिंदी भाग तिसरा.

हे पत्र वेगळ्या विदर्भासाठी नाही आणि त्याच्या विरोधातही नाही. त्याबद्दल माझे मत घरातल्यांनाच नीट माहीत नाही, इथे कशाला सांगू? पण १९५३ चा नागपूर करार, १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेच्या फाझल अली आयोगाने विदर्भ वेगळा असावा अशी केलेली शिफारस आणि १ नोव्हेंबर १९५६ ला आमचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले, या तिन्ही गोष्टी मुलांना सांगताना मागचा प्रांत सांगितला नाही तर त्या आकाशातून पडल्यासारख्या वाटतात. नागपूर ही राजधानी होती, आणि १९५६ मध्ये राहिली नाही. हा प्रांत कुठे गेला हे समजल्याशिवाय नागपूरला हिवाळी अधिवेशन का भरते हेही नीट समजत नाही.

आणि प्रांत गेला म्हणून पुसला गेला असेही नाही. नागपुरातले घरमालक आणि भाडेकरू १९९९ चा नवा कायदा लागू होईपर्यंत १९४९ च्या ‘सी. पी. अँड बेरार’च्या रेंट कंट्रोल ऑर्डरखालीच कोर्टात भांडत होते. प्रांत संपून ४० वर्षे होऊन गेली होती, तरी भाड्याचा खटला त्याच्याच नावाने. भाड्यावरूनच तर नाव पडले होते! १९०५ मध्ये एलिचपूर आणि बाशीम हे वऱ्हाडचे दोन जिल्हे मोडले, वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. बाशीमचे वाशीम होऊन ते १९९८ मध्ये पुन्हा जिल्हा झाले. एलिचपूरचे अचलपूर झाले आणि अचलपूरकर आपला जिल्हा अजून मागतातच.

मागणे थोडे आहे. सहावी ते दहावीच्या दरम्यान कुठेतरी एक पान आणि त्यावर एक नकाशा. नकाशात वर्धा नदी ठळक. अलीकडे ‘खालसा, १८५४’, पलीकडे ‘तारण, १८५३, पट्टा, १९०२’. खाली २५ लाखांचा आकडा. एका कोपऱ्यात मामा तलाव, दुसऱ्या कोपऱ्यात खामगावची कापसाची गाडी. स्वाध्यायात एकच प्रश्न ठेवा : ‘तुमच्या घरात १९५६ पूर्वीचा कागद असल्यास त्यावर प्रांताचे नाव काय आहे ते पाहा.’ गोंदियात एक उत्तर येईल, अकोल्यात तेच येईल, मराठवाड्यात हैदराबाद येईल, कोल्हापुरात आणखी काही. मुले शाळेत कागद आणतील, मास्तरांची तारांबळ उडेल. उडू द्या.

नकाशासाठी कुणी कारागीर हवा असल्यास मी काढून देईन. वर्गात फळ्यावर इतक्या वेळा काढला आहे की सातपुडा डोळे मिटून येतो, फक्त छत्तीसगडची बाजू मला नेहमी फुगीर जमते.

वडिलांच्या दाखल्याचा फोटो नातीने मोबाईलवर काढून ठेवला आहे. हवा असल्यास पाठवतो. मूळ कागद मात्र देणार नाही, तो परत पेटीत ठेवला आहे आणि पेटीची किल्ली आता नातीकडे असते.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
आर्वी, जि. वर्धा